गाव कुठल्या वाटेनं जन्माला आलं, ते स्वतः कसं शोधायचं

माझे आजोबा कुर्डुवाडी स्टेशनावर हमाली करायचे. छोट्या गाडीच्या डब्यातून पोतं पाठीवर घ्यायचं आणि मोठ्या गाडीच्या डब्यात नेऊन टाकायचं, दिवसभर हेच. कारण काय, तर बार्शी लाइट या छोट्या रेल्वेचे रूळ अडीच फुटी आणि मुंबई-मद्रास मेन लाइनचे साडेपाच फुटी, एका लाइनीचा डबा दुसरीवर चढूच शकत नव्हता. लहानपणी मला ते नुसतं कष्टाचं काम वाटायचं. पुढं घाटवाटा चालायचा नाद लागला, लेणी बघायला लागलो, आणि मग एकदा डोक्यात ट्यूब पेटली की अरे, अख्खं कुर्डुवाडी त्या तीन फुटाच्या फरकावर उभं राहिलंय. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, एकच असतं तर गाडी शिट्टी मारून पुढं गेली असती, मग कशाला हमाल, कशाला गोदाम, कशाला चहाची हॉटेलं.

तेव्हापासून कुठल्याही गावात गेलो की मी एकच गोष्ट शोधतो: इथं ओझं कुठं बदललं? होडीतून बैलावर, बैलावरून गाडीत, गाडीतून रेल्वेत, कशातून कशात का असेना. जिथं ओझं बदलतं तिथं माणूस थांबतो, थांबला की त्याला भाकरी लागते, पाणी लागतं, झोपायला जागा लागते, भांडण झालं तर न्याय द्यायला कुणीतरी लागतं, आणि हे सगळं जमलं की त्याला आपण गाव म्हणतो, मोठं झालं की शहर. शाळेत आपण शिकलो की नदीकाठी संस्कृती वाढली. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. नाईल नदी उत्तरेला वाहते आणि वारा बहुतेक उत्तरेकडून दक्षिणेला, म्हणजे जाताना प्रवाहाबरोबर जायचं आणि येताना शीड लावायचं, अशी फुकटची दुहेरी वाहतूक मिळाली म्हणून इजिप्त एका राजाच्या हाताखाली बांधता आला. आपल्या गोदावरी-भीमेचं तसं नाही. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात खडक, माल वाहून न्यायला त्यांचा उपयोग फार थोडा. त्यामुळे दख्खनमधली गावं का वाढली हे समजायचं तर पाण्यापेक्षा वाटा बघाव्या लागतात. आणि चाकाचं पण फार कौतुक नको, इंका लोकांनी मालवाहतुकीला चाक न वापरता ३० हजार किलोमीटरच्या वर रस्ते बांधून साम्राज्य चालवलं, माणसाच्या आणि लामाच्या पाठीवर.

तर आता कसं शोधायचं ते सांगतो. दोन-तीन रविवार लागतील आणि थोडी पायपीट.

आधी नकाशा, पण रस्ते न बघता

गुगल मॅप उघडला की आपण लगेच हायवे बघतो, तीच चूक. हायवे हा शेवटचा थर आहे, आपल्याला तळाचा थर पाहिजे. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे घ्या, त्यांच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळतात, आणि सोबत अमेरिकन लष्करानं १९५० च्या दशकात छापलेले १:२,५०,००० चे नकाशे घ्या, ते टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या साइटवर आहेत. ह्या दुसऱ्यांचा फायदा असा की आजचे बरेच रस्ते आणि धरणं त्यात नाहीत, त्यामुळे जुनी पायवाट आणि गाडीवाट मोकळी दिसते.

त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून तीनच गोष्टी काढा. समुद्र किनारा, खाड्या भरतीच्या पाण्यानं आत कुठवर येतात ते, आणि सह्याद्रीची धार. बास. आता खाडीच्या शेवटच्या टोकाला काय आहे ते बघा. उल्हास नदीवर कल्याण. सावित्रीवर महाड. वाशिष्ठीवर चिपळूण. अर्जुनेवर राजापूर. चारही जुन्या बाजारपेठा, चारही समुद्रापासून आत, आणि चारही अशा जागी की होडीनं जितकं आत येता येईल तितकं यायचं, आणि मग माल उतरवायचा. मला हे पहिल्यांदा कागदावर दिसलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण ही नावं आपण आयुष्यभर वेगवेगळी ऐकतो आणि ती तर एकाच नियमानं बसलेली आहेत.

आता त्या प्रत्येकाच्या वर सरळ बोट न्या, धारेवर एक घाट सापडतो आणि घाट चढून गेलं की देशावर त्याचं जोडगाव. कल्याणहून नाणेघाट आणि वर जुन्नर. चिपळूणहून कुंभार्ली आणि वर पाटण, कऱ्हाड. राजापूरहून अणस्कुरा आणि वर मलकापूर, कोल्हापूर. महाडहून वरंधा घाटानं भोर, नाहीतर पार घाटानं वाई. खालचं गाव होडी आणि बैल यांच्यामधलं, वरचं गाव घाटातला लदलेला बैल आणि पठारावरची गाडी यांच्यामधलं. तुमचं गाव कोकणात किंवा घाटमाथ्याजवळ असेल तर त्याची जोडी शोधणं हे पहिलं काम. जोडी सापडली की निम्मं झालं.

मग त्याच कागदावर लेणी मांडा

लोक लेणी बघायला जातात आणि शिल्पांचे फोटो काढून येतात, फोटो काढा ना, पण जागा पण बघा. भिक्षूंना पावसाळ्यात एका जागी राहायचं असायचं, भिक्षेला वस्ती जवळ पाहिजे आणि दान द्यायला पैसेवाला पाहिजे, हे तिन्ही वाहत्या वाटेवरच मिळतं. म्हणून भोर घाटाच्या परिसरात वर कार्ले, भाजे, बेडसे आणि घाटाच्या पायथ्याशी कोंढाणे. महाडला गांधारपाले. कऱ्हाडला आगाशिव. आणि जुन्नरच्या भोवती तर दोनशेच्या वर लेणी, लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी असे गट करून, एवढी एका गावाभोवती दुसरीकडे क्वचितच सापडतील.

तिथले शिलालेख मराठी भाषांतरात मिळतात, ते वाचताना राजाचं नाव शोधू नका, दात्याचा धंदा आणि दात्याचं गाव शोधा. जुन्नरच्या लेखांत धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूकाम करणाऱ्यांची आहे, कासारांची आहे. श्रेणी म्हणजे त्या धंद्याची संघटना, जिच्याकडे लोक विश्वासानं ठेव ठेवायचे. धान्य, टोपल्या, भांडी, म्हणजे माल, माल भरायचं साधन आणि माल विकून घ्यायची वस्तू, सगळं एका बाजारात. यवन म्हणवणारे दाते जुन्नरला पण आहेत आणि कार्ल्याला पण, आणि कार्ल्याच्या खांबावर सोपाऱ्याच्या माणसाचं नाव आहे. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. तिथला माणूस कार्ल्याला खांब देतो म्हणजे तो घाट चढून वर यायचा, किंवा त्याचा पैसा तरी यायचा. गावांच्या नावांमध्ये कागदावर रेघा ओढा, तुमच्यासमोर दोन हजार वर्षांपूर्वीचं वाहतुकीचं जाळं उभं राहतं आणि तेही त्यांच्याच साक्षीनं.

आता चालायला जा

हे घरी बसून होत नाही. वाट पायाखाली आल्याशिवाय कळत नाही की माल काय जात असेल. पहिली वाट म्हणून मी सगळ्यांना नाणेघाटच सांगतो.

कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या गाडीनं निघा, मुरबाड, टोकावडे गेलं की वैशाखरे गावापाशी उतरायचं, तिथून वाट चढते. डिसेंबर-जानेवारीत जा, सकाळी लवकर सुरुवात करा, पाणी माणशी तीन लिटर तरी. सावकाश चढलात तर तीन तास धरा. पावसाळ्यात फार सुंदर असतं हे खरंय पण दगड शेवाळलेले असतात आणि आपल्याला जे बघायचंय ते धुक्यात दिसत नाही, म्हणून ह्या कामासाठी पावसाळा नको.

चढताना मेजरिंग टेप जवळ ठेवा. वाटेची सगळ्यात अरुंद जागा मोजा आणि स्वतःला विचारा, इथून लदलेला बैल जाईल का, आणि समोरून दुसरा आला तर? पायऱ्या कुठं आहेत, कुठं नुसता खडक आहे, दगड कुठं झिजलेत, पाण्याची टाकी किती अंतरावर आहेत, सगळं वहीत. टाक्यांची जागा फार बोलकी असते, जिथं दम लागतो तिथंच ती असतात, म्हणजे ज्यानं खोदली त्याला चढणाऱ्याचा श्वास माहीत होता.

वर पोचल्यावर लेणं आहे. आत भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख. केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा, गाई, घोडे, हत्ती आणि हजारोंनी कार्षापण नाणी, सगळं आकड्यांसकट, आणि ते आकडे भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकचिन्हांपैकी आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या लोकांचे पुतळे कोरलेले होते, आज वरची नावं आणि खाली नुसती पावलं उरलीत. इथं जरा थांबून विचार करा. राजधानी पैठणला, आणि एवढा मोठा लेख कोरला कुठं, तर घाटाच्या तोंडावर. कारण सगळ्यात जास्त परकी डोळे इथूनच जायचे. खालून दमून वर आलेला व्यापारी सावलीला ह्याच लेण्यात शिरणार आणि समोर राणी त्याला सांगणार की तू आता कुणाच्या राज्यात आलायस. लेखाला हात लावू नका, अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू-पावडर तर अजिबात नको, दोन हजार वर्षं टिकलेलं आपल्या बोटांनी जायला नको.

लेण्याच्या वरच्या अंगाला तो प्रसिद्ध दगडी रांजण. जकातीची नाणी ह्यात टाकायचे अशी परंपरेनं चालत आलेली गोष्ट आहे आणि घाटाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. वहीत लिहिताना ‘परंपरा’ असं लिहा आणि लेखातलं जे आहे त्याला ‘लेख’ असं लिहा, दोन्ही एकत्र करू नका. पण रांजण असो नसो, जागा मात्र जकात घ्यायचीच आहे, दोन्हीकडे कडा आणि मध्ये एकच फट, चुकवून जाणार कुठून. शेजारी जीवधन, पुढं चावंड, हडसर, शिवनेरी, असे किल्ले जुन्नरपर्यंत वाटेला धरून उभे आहेत. किल्ला बघताना तो कुठल्या वाटेवर नजर ठेवतोय हे बघायची सवय लावा, मग गड फिरायची मजा दुप्पट होते.

मिठाचा प्रश्न विचारा

चालून आलात की आता माणसांशी बोला. गावातली ऐंशीच्या पुढची माणसं गाठा आणि त्यांना ‘गावाचा इतिहास सांगा’ असं अजिबात म्हणू नका, मग ते देवळाची आणि वतनाची गोष्ट सांगतात. एकच साधा प्रश्न विचारा: तुमच्या लहानपणी मीठ कुठून यायचं? देशावर मीठ पिकत नाही आणि मिठाशिवाय माणूसही राहत नाही न् जनावरही, म्हणून मिठाची वाट ही प्रत्येक गावाला असतेच. मीठ कोण आणायचं, कशावर, कुठं मुक्काम, परत जाताना काय न्यायचं. आमच्या भागातल्या एका आजींनी मला लमाणांच्या बैलांबद्दल त्यांच्या आजीकडून ऐकलेलं सांगितलं, घुंगरांचा आवाज आधी यायचा आणि मग धूळ दिसायची.

लमाणांचे, बंजाऱ्यांचे तांडे ही आपली रेल्वेच्या आधीची मालगाडी, मोठ्या अंतराची. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर, सैन्यांना रसदसुद्धा तेच पुरवायचे. हे स्वस्त का पडायचं ते समजून घ्या, कारण इथंच सगळं आहे. बैल वाटेनं चरत जायचे, चाऱ्याचा खर्चच नाही. म्हणून वेग कमी पण भाडं कमी. पण मग ह्याची उलटी बाजू अशी की पावसाळ्यात वाहतूक ठप्प, आणि दुष्काळात गवतच नाही म्हटल्यावर बैल चालणार कशावर, म्हणजे ज्या वर्षी धान्य लांबून आणायची सगळ्यात जास्त गरज त्याच वर्षी आणायचं साधन मरायचं. शंभर कोसांवर धान्य असून इकडं माणसं उपाशी मरायची ती ह्यामुळे. पुढं रेल्वे आली तरी १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये आणि दक्षिणेत लाखो माणसं मेलीच, कारण रूळ असले तरी धान्य विकत घ्यायला हातात पैसा पाहिजे, आणि रूळ धान्य आणतात तसं घेऊनही जातात. हे लिहिताना मला नेहमी जड जातं. वाहतूक सुधारली की आपोआप सगळ्यांचं भलं होतं असं नाही, माल कुणाकडे जातो हे दर वेळी तपासायला लागतं.

सोबत जुनी गॅझेटियर वाचा. मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियर १८८० च्या आसपास निघाली, ऑनलाइन सगळी आहेत, त्यात व्यापाराच्या प्रकरणात घाटांची यादीच असते, कुठल्या घाटातून बैल जातात, कुठल्यातून गाड्या. आज्यांचं बोलणं आणि गॅझेटियर एकमेकांशी ताडून बघा.

वाहन बदललं ते साल शोधा

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि लोक इथंच घाई करतात. ‘रेल्वे आली आणि गाव वाढलं’ असं एका ओळीत लिहून मोकळे होतात. तसं नाही करायचं, प्रत्येक तुकडा कुठल्या साली सुरू झाला ते वेगवेगळं लिहायचं, कारण मधल्या काळात लाइन जिथं थांबलेली असते तिथं काही वर्षांसाठी एक गाव अचानक वाढतं.

भोर घाट घ्या. आधी नुसती बैलांची वाट. १८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर माल्कम याच्या काळात चाकाची गाडी जाईल असा रस्ता झाला. मग मुंबईहून होडीनं पनवेल, पनवेलपासून गाडी, असा पुण्याचा प्रवास सुरू झाला आणि पनवेलच्या सुतारांनी केलेली गाडीची चाकं प्रसिद्ध झाली, साहजिकच आहे, घाट चढायच्या आधी चाक तपासायचं शेवटचं गाव ते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे सगळ्यांना पाठ असतं. पण पुढचं बघा: १८५४ ला कल्याण, १८५६ ला खोपोली. वरच्या बाजूला १८५८ ला पुणे ते खंडाळा सुरू. म्हणजे खाली रूळ, वर रूळ, आणि मधला घाट पालखीत, तट्टावर, नाहीतर बैलगाडीत. सात वर्षं खोपोली हे मुंबईच्या बाजूचं शेवटचं टोक होतं, सगळं ओझं तिथं उतरायचं.

१८६३ ला घाटातली लाइन पूर्ण झाली, हजारो मजुरांनी कडा फोडून, त्यातले कितीतरी कॉलऱ्यानं आणि अपघातांनी तिथंच गेले. लाइन गेली कर्जत-पळसदरीवरून, आणि खोपोली राहिलं फाट्यावर, आजही तिथं जाते ती बाजूची लोकल. पण कर्जतला काय झालं? घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिनं लावायला लागतात, बँकर म्हणतात त्यांना, ती लावायला गाडी थांबते, आणि गाडी थांबली की वडा विकला जातो. कर्जतचा वडा हा सह्याद्रीच्या चढानं दिलेला आहे असं मी म्हणतो आणि ते मनापासून म्हणतो.

एक सोपी युक्ती, स्टेशनाच्या नावात ‘रोड’ असेल तर समजा की रेल्वे त्या गावाला चुकवून गेली. नाशिक रोड, वसई रोड, सावंतवाडी रोड. मग बघा की जुन्या गावात आणि स्टेशनात अंतर किती, मधल्या पट्ट्यात काय उगवलं. आमच्या कुर्डुवाडी स्टेशनाचं जुनं नाव बार्शी रोड. बार्शी ही धान्याची मोठी पेठ आणि मेन लाइन तिला वीस-एकवीस मैल लांब ठेवून गेली, म्हणून १८९७ ला तिच्यासाठी छोट्या गेजची लाइन निघाली, पुढं ती पंढरपूरला गेली, १९११ ला लातूरला, आणि १९२७ ला मिरजेला. वारकरी, गूळ, डाळ, सगळं त्या छोट्या डब्यांतून. मिरजेला तर एकेकाळी तिन्ही गेजचे रूळ होते. असं स्टेशन तुमच्या जवळ असेल तर तिथल्या हमालांच्या घरांत जा, तालुक्याचा व्यापार त्यांच्याइतका कुणालाच माहीत नसतो.

जकात कुठं घेत होते ते बघा

वाट निसर्ग ठरवतो पण वाट चालू राहील का बंद पडेल हे सत्ता ठरवते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं ह्या किनाऱ्याचं टिपण लिहून ठेवलंय, त्यात भडोचपासून पैठण वीस दिवसांवर, पैठणपासून पूर्वेला तेर दहा दिवसांवर, माल गाड्यांवर येतो, असं सगळं आहे. आणि कल्याणबद्दल लिहिलंय की आधी हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण आता सत्ता बदलली आहे आणि ग्रीक जहाज चुकून आलंच तर पहाऱ्यात भडोचला नेतात. खाडी तीच, घाट तोच, आणि बंदर बसलं एका हुकमानं.

हेच आपल्या डोळ्यांसमोर पण झालंय. मुंबईला माल शिरताना मुलुंड, दहिसर, ऐरोली, वाशी ह्या नाक्यांवर जकात होती, ती भरायच्या आधी माल ठेवायला हद्दीबाहेर जागा पाहिजे, म्हणून भिवंडीला गोदामं वाढत गेली, पुढं न्हावाशेव्याचं बंदर १९८९ ला सुरू झालं आणि कंटेनर त्या बाजूनं यायला लागले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, पण गोदामं तिथंच राहिली आणि उलट वाढली. नाणेघाटाचा रांजण बघून आलेल्या माणसानं एकदा भिवंडीच्या गोदामांमधून चक्कर मारावी, फार काही समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या गावात ‘नाका’, ‘चौकी’, ‘पेठ’, ‘गंज’, ‘बंदर’, ‘तळ’ अशी जागांची नावं असतील तर ती नकाशावर लाल पेननं करा. बंदर नावाच्या गल्लीत आज पाण्याचा थेंब नसेल, तरी करा.

शेवटी फाट्यावर उभं राहा

जुन्नर आज तालुक्याचं गाव आहे पण ह्या भागातली मोठी गर्दी तिथं नाही. ती नारायणगावला आहे पुणे-नाशिक हायवेवर, जिथला टोमॅटोचा बाजार दूरवर माहीत आहे, आणि आळेफाट्याला, जिथं पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन हायवे एकमेकांना छेदतात. नाणेघाटाची वाहतूक माळशेजच्या डांबरी रस्त्यावर गेली आणि तिच्याबरोबर बाजार सरकला. फाटा म्हणजे आजची पेठ. पूर्वी धर्मशाळा आणि बारव असायची तिथं आता पंक्चरचं दुकान, एटीएम आणि मिसळीचं हॉटेल असतं.

तुमच्या जवळच्या फाट्यावर एक दिवस सकाळी सहा ते आठ वही घेऊन उभे राहा. कुठला माल कशातून उतरतो आणि कशात चढतो, फक्त एवढंच टिपा. पिकअपमधून क्रेट ट्रकमध्ये, दुधाचे कॅन मोटरसायकलवरून टँकरमध्ये, पोरं जीपमधून एसटीत. आठवडी बाजाराच्या दिवशी परत जा आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. मग जुन्या गावात जाऊन बंद पडलेली दुकानं मोजा, ती कशाची होती ते विचारा, नालबंद, खोगीर, दोरखंड, चाकं, जे निघेल ते.

एक चूक टाळा, माझ्याकडून खूप वेळा झाली आहे. प्रत्येक फरसबंदी वाटेला आपण ‘शिवकालीन’ म्हणून टाकतो. ती सातवाहनांच्या काळातली असेल, पेशवाईतली असेल, नाहीतर इंग्रजांनी खेचरांसाठी केलेली असेल. लेख नाही, कागद नाही, तर काळ लिहू नका, नुसतं मोजमाप लिहा, पुढच्या माणसाला ते जास्त कामाला येतं.

आणि सगळी माहिती जमली की एका कागदावर गावाच्या नावाखाली तीन ओळी लिहा. पूर्वी इथं काय कशातून कशात जायचं, ते कुठल्या साली बदललं, आणि आता कुठं जातंय. कुर्डुवाडीच्या माझ्या कागदावर तिसरी ओळ मी बरेच दिवस कोरी ठेवली होती, कारण २००० नंतर टप्प्याटप्प्यानं छोटी लाइन मोठी झाली आणि आजोबांचं काम कायमचं संपलं, मला वाटायचं आता गावाचं काय. मग एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नाही. मिरजेहून पाण्याची गाडी निघाली, पंढरपूर, कुर्डुवाडी करत, बार्शी लाइटच्याच जुन्या मार्गावरून, आणि १२ तारखेला पहिले ५ लाख लिटर लातूरला पोचले. छोटे रूळ असते तर ते टँकर मिरजेहून सरळ तिथवर गेलेच नसते. तिसऱ्या ओळीत मी ती तारीख लिहिली आहे.

पुढचा कागद चिपळूण-कऱ्हाडचा, डिसेंबरात कुंभार्लीची जुनी वाट चालणार आहे. खाली गोवळकोटच्या धक्क्यापासून सुरुवात, टेप आणि वही घेऊन.